कागदावरचा धर्म, बाकावरची माणसं

नसरापूर म्हटलं की पुणेकराला बनेश्वराचं देऊळ आठवतं. पावसाळ्यात तिथे गाड्यांची रांग लागते. पुढे कापूरव्होळवरून वळलं की भोर, पंतसचिवांचा राजवाडा, आणि भोरच्या आसपास उत्रोलीसारखी नीरेच्या खोऱ्यातली गावं. रायरेश्वर आणि रोहिडा नजरेच्या टप्प्यात असल्यामुळे या पट्ट्याचा इतिहास सांगायला बसलेला माणूस मावळ्यांपासून सुरुवात करतो आणि बहुधा तिथेच थांबतो. याच नसरापुरात एका ख्रिस्ती मिशनचं मुख्य ठाणं होतं, हे आज भोर तालुक्यातसुद्धा फार थोड्यांना ठाऊक आहे.

मिशनचं नाव ‘पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन’. चार्ल्स रीव्ह या गृहस्थांनी ते 1893 साली सुरू केलं. शहरातली कॉलेजं आणि वाद-परिषदा इतर मिशनांनी कराव्यात, आपण खेड्यात जाऊन राहायचं, असा त्यांचा निश्चय होता. माणसं आणि पैसा मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधून येई. कुठल्या कुठे टास्मानिया, व्हिक्टोरिया, तिथल्या छोट्या गावांतल्या चर्चमध्ये रविवारी थैली फिरायची आणि त्या पैशांतून इकडे औषधांच्या बाटल्या यायच्या, पत्रकं छापली जायची. मिशनची माणसं मराठी शिकली आणि पार पंढरपूरपर्यंत गेली. धर्मांतरं म्हणाल तर मावळात मूठभरच झाली. अहमदनगरला 1831 पासून ठाण मांडून बसलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या वाट्याला जे आलं, ते इथे आलं नाही. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांची ये-जा कमी होत गेली. 1968 मध्ये ही संस्था दुसऱ्या एका मिशनमध्ये मिसळली आणि 1989 मध्ये ती मिळून झालेली संस्थाही आणखी मोठ्या संस्थेत विरून गेली.

ज्या देशातून ही माणसं भोरच्या खोऱ्यात आली, त्या ऑस्ट्रेलियाचं आज काय झालं आहे ते पाहिल्यावर मला हा लेख लिहावासा वाटला.

1911 च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियातल्या शंभरातल्या 96 जणांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं होतं. 1966 मध्येही 88 जणांनी म्हटलं. 2011 ला हा आकडा 61.1 टक्क्यांवर आला, 2016 ला 52.1 वर आणि 2021 मध्ये 43.9 वर. निम्म्याच्या खाली जाण्याची ही पहिलीच वेळ. ‘कोणताही धर्म नाही’ म्हणणारे 38.9 टक्के झाले. त्याच जनगणनेत हिंदू 2.7 टक्के भरले, आणि त्यांत पुण्या-मुंबईहून गेलेली मराठी घरं काही कमी नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या मेलबर्नहून नसरापूरला पैसे येत होते, त्या मेलबर्नमध्ये आज गणपती बसतो.

या आकड्यांकडे नीट पाहिलं पाहिजे, कारण आकडा फॉर्मवर ठरतो. ऑस्ट्रेलियात धर्माचा प्रश्न ऐच्छिक आहे. तुमचा धर्म नसेल तर तसं लिहा, ही सूचना तिथल्या फॉर्मवर 1971 मध्ये आली, आणि त्या वेळेपासून निधर्मी माणसं कागदावर दिसू लागली. 2016 मध्ये ‘धर्म नाही’ हा पर्याय यादीच्या तळातून उचलून सगळ्यात वर ठेवला. त्यामुळे काही टक्के इकडचे तिकडे झालेही असतील. पण उतरण त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. इंग्लंड-वेल्समध्ये जनगणनेत धर्म विचारायला लागले तेच मुळी 2001 पासून. तेव्हा 71.7 टक्के ख्रिस्ती निघाले, 2021 मध्ये 46.2 टक्के. स्कॉटलंडमध्ये 2022 साली निम्म्याहून अधिक लोकांनी आपल्याला धर्म नाही असं लिहिलं. मुंबईत विल्सन कॉलेजची पायाभरणी करणारे जॉन विल्सन ज्या स्कॉटलंडचे, त्याच स्कॉटलंडची ही गोष्ट. तिथलं राष्ट्रीय चर्च गेली काही वर्षं आपल्या इमारती विकायला काढत आहे.

हा झाला कागद. बाक त्याहून रिकामे आहेत. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये 2019 साली आठवड्याला सरासरी साडेआठ लाख माणसं उपासनेला येत होती. कोविडनंतर तो आकडा पडला, मग थोडा सावरला, तरी 2023 मध्ये तो सात लाखांच्या खालीच होता. आता जुळवून पाहा. फॉर्मवर इंग्लंड-वेल्समधल्या पावणेतीन कोटी माणसांनी ‘ख्रिस्ती’ असं लिहिलं. त्यांत कॅथलिक आहेत, मेथडिस्ट आहेत, आफ्रिकेतून आलेल्या लोकांच्या नव्या मंडळ्या आहेत, त्यांची उपस्थिती वेगळी मोजावी लागेल. ती सगळी मिळवली तरी लिहिणारे आणि येणारे यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर उरतं. अमेरिकेत गॅलपच्या पाहणीत 1999 पर्यंत सुमारे 70 टक्के लोक कुठल्या ना कुठल्या प्रार्थनास्थळाचे सभासद होते, 2020 मध्ये 47 टक्के.

का झालं असं? विज्ञान वाढलं, श्रद्धा गेली, हे उत्तर सोपं आहे आणि अपुरं आहे. डार्विनचं पुस्तक 1859 चं. त्यानंतर शंभर वर्षं चर्च भरतच होती. कॅलम ब्राउन या स्कॉटलंडमधल्या इतिहासकाराने 2001 मध्ये मांडलेलं कारण मला जास्त पटतं. त्याचं म्हणणं असं की चर्च टिकवलं होतं बायकांनी. मुलांना अंघोळ घालून, कपडे घालून, हाताला धरून रविवारी नेणारी आई होती. 1960 नंतर बायकांचं जगणं बदललं, त्या नोकरीला लागल्या, चांगल्या बाईची चर्चने घालून दिलेली व्याख्या त्यांनी नाकारली, आणि एका पिढीत साखळी तुटली. श्रद्धा वाद घालून कोणी सोडली नाही, ती पुढे दिलीच गेली नाही. त्यात भर पडली ती बाकीच्या गोष्टींची. रविवारी दुकानं उघडी राहू लागली. गरिबाला भाकरी, आजाऱ्याला औषध, पोराला शाळा, ही कामं सरकारने उचलली. आणि लहान मुलांवरच्या अत्याचारांची प्रकरणं बाहेर आली. ऑस्ट्रेलियात 2013 ते 2017 या काळात रॉयल कमिशन बसलं आणि त्यापुढे माणसांनी आपल्या बालपणाबद्दल जे सांगितलं ते ऐकून पुष्कळ श्रद्धाळू घरांनीही चर्चकडे पाठ फिरवली. त्यांना दोष कसा देणार?

इथपर्यंत सरळ आहे. पुढचं वळण मला जास्त अस्वस्थ करतं. बाक रिकामे होत गेले तसतसं ‘आमचा देश ख्रिस्ती आहे’ हे वाक्य जास्त जोरात ऐकू येऊ लागलं. 2014 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी ते लिहून सांगितलं, तेव्हा विचारवंतांनी जाहीर पत्र काढून विरोध केला. सप्टेंबर 2025 मध्ये लंडनमध्ये स्थलांतरितांच्या विरोधात प्रचंड मोर्चा निघाला, त्यात लाकडी क्रूस घेतलेली माणसं होती. इंग्लंडमधल्या बिशपांनीच पुढे येऊन सांगितलं की क्रूस हे दुसऱ्याला हाकलायचं हत्यार नाही. म्हणजे चर्चमध्ये जे शिकवलं जातं ते ऐकायला न येणारा माणूस चर्चचं चिन्ह मात्र खांद्यावर घेऊन रस्त्यावर उतरतो. उपासनेतून सुटलेला धर्म झेंड्याला चिकटतो. एकदा तो झेंड्याला चिकटला की त्याला शेजाऱ्यावर प्रेम करायची, शत्रूला क्षमा करायची काही सक्ती उरत नाही.

याच ब्रिटनचं दुसरंही एक चित्र आहे आणि तेही खरं आहे. 6 मे 2023 ला तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. राजा हा तिथल्या चर्चचा प्रमुख. समारंभ सगळा ख्रिस्ती. त्यात बायबलमधलं वचन वाचायला उभे राहिले पंतप्रधान ऋषी सुनक, श्रद्धेने हिंदू. ते वाचन ऐकताना फारसं कोणाला आपला धर्म बुडाला असं वाटलं नाही. एक देश आपला जुना धर्म कसा सांभाळू शकतो, याचे हे दोन नमुने.

आता आपल्याकडे येऊ.

महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेप्रमाणे ख्रिस्ती लोक सुमारे 10 लाख 80 हजार, म्हणजे एक टक्क्यालाही थोडे कमी. देशात 2.3 टक्के. मुंबई आणि वसई सोडली तर यांतला मोठा गट नगर, जालना, सोलापूर, पुणे या भागांत विखुरलेला आहे आणि त्याची बोली, त्याचं जेवण, त्याची लग्नातली हळद सगळं मराठी आहे. मी ज्या मराठी उपासना पाहिल्या आहेत त्यांचं साधं वर्णन करतो, कारण पुष्कळ मराठी वाचकांनी त्या कधीच पाहिलेल्या नसतात.

सकाळी नऊ-साडेनऊला घंटा होते. चपला दाराबाहेर. बायका एका बाजूला, डोक्यावर पदर, पुरुष दुसऱ्या बाजूला. पेटी, तबला, टाळ. हातात ‘उपासना संगीत’, त्याच्या कडा बोटांनी मऊ झालेल्या. त्यातल्या गीतांचा मोठा हिस्सा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. चाल अभंगाची, ओवीची, कधी साकीची. पुढे पाळक उभे राहतात, शास्त्रपाठ होतो, मग मंडळीतल्या आजाऱ्यांची, परीक्षेला बसलेल्या पोरांची, पाऊस लांबलेल्या शेतकऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना होते. नंतर देशासाठी प्रार्थना होते, राज्यकर्त्यांना सुबुद्धी मिळो म्हणून. ही प्रार्थना दर रविवारी होते, सरकार कोणत्याही पक्षाचं असो.

वर्षातून एकदा हंगामाचा सण येतो. त्या दिवशी वेदीपुढे बाजरीचं पोतं, भोपळा, उसाची मोळी, हरभऱ्याची जुडी, अंड्यांची टोपली, पाय बांधलेला कोंबडा. उपासना झाली की अंगणात लिलाव. कोणी एक लिंबू शंभर रुपयांना घेतो आणि पुन्हा लिलावातच टाकतो, दुसरा तेच लिंबू दीडशेला घेतो. शेत नसलेला मजूर कोथिंबिरीची एक जुडी घेऊन आलेला असतो आणि तिच्यावरही बोली लागते, मुद्दाम जास्त लागते. पेरणीचं-कापणीचं नातं देवाशी जोडणारा हा सण कोणत्याही मावळी शेतकऱ्याला परका वाटायचा नाही.

ही उपासना भरते. मला कोणाच्या मोजणीचा आधार देता येणार नाही, पण जिथे मराठी मंडळी आहे तिथे रविवारी बाक रिकामे आहेत असं सहसा दिसत नाही. म्हातारे येतात, नुकती लग्नं झालेली जोडपी येतात, शब्बाथ शाळेला पोरं येतात. आणि इथेच कागदाची गोष्ट उलटी होते. इंग्लंडात ‘ख्रिस्ती’ लिहिणारा चर्चला जात नाही. आपल्याकडे चर्चला जाणारा पुष्कळदा ‘ख्रिस्ती’ लिहीत नाही.

याचं कारण 10 ऑगस्ट 1950 चा एक राष्ट्रपतींचा आदेश. अनुसूचित जाती कोणत्या, ते सांगणारा. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटलं की हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची धरली जाणार नाही. 1956 मध्ये त्यात शीख जोडले गेले, 1990 मध्ये बौद्ध. महाराष्ट्राने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती 1960 मध्येच दिल्या होत्या, केंद्राला त्यासाठी आणखी तीस वर्षं लागली. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. अनुसूचित जमातींना ही अट नाही. म्हणजे नंदुरबारचा भिल्ल ख्रिस्ती झाला तरी जमातीचा राहतो, नगरचा मांग ख्रिस्ती झाला की कायद्याच्या लेखी त्याची जात संपते. गावाच्या लेखी ती संपत नाही. वस्ती तीच, विहिरीवरची वागणूक तीच, सोयरीक त्याच पोटजातीत. जातीचा जाच शाबूत आणि जातीची सवलत रद्द, असा हा हिशेब आहे.

मद्रासचा सूसाई नावाचा चांभार 1985 मध्ये याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात हरला. रस्त्याकडेला बसून जोडे शिवणाऱ्यांना सरकार फुकट टपऱ्या देत होतं. शेजारी बसणाऱ्या हिंदू चांभाराला मिळाली, सूसाई ख्रिस्ती म्हणून त्याला मिळाली नाही. न्यायालय म्हणालं, धर्मांतरानंतरही तुमचा सामाजिक जाच तितकाच तीव्र आहे हे पुराव्यानिशी दाखवा. ऊन दोघांवर सारखंच पडत होतं, हे कागदावर सिद्ध कसं करायचं? 2004 पासून या तिसऱ्या परिच्छेदाला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात पडून आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्ये अट काढा असं सुचवलं, सरकारने ऐकलं नाही. 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका खटल्यात सांगितलं की जी व्यक्ती नियमित चर्चला जाते आणि फक्त नोकरीसाठी आपण हिंदू असल्याचं सांगते, तिला अनुसूचित जातीचा दाखला मागता येणार नाही. चर्चमधली हजेरी अशी आता पुराव्याचा भाग झाली आहे. युरोपात हजेरी घटते म्हणून बिशप काळजी करतात. आपल्याकडे हजेरी लागली म्हणून घरं काळजी करतात.

यावर नेहमी एक आक्षेप ऐकू येतो: दोन्हीकडचा फायदा घेतात. नगर-जालन्याकडच्या अनेक घरांत शाळेच्या दाखल्यावर हिंदू-महार किंवा हिंदू-मांग असतं आणि रविवारी ती घरं चर्चला असतात, हे खरं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण हा दुटप्पीपणा कोणी शिकवला? मुलीच्या नर्सिंगची फी आणि आजोबांनी घेतलेला बाप्तिस्मा, यांतलं एक निवडा, असं ज्या कायद्याने सांगितलं, त्याला कोणी दुटप्पी म्हणत नाही. माणूस खोटं लिहितो याचं मला वाईट वाटतं. खरं लिहिल्याबद्दल दंड ठेवला आहे, याचा मला राग येतो.

डॉ. आंबेडकर 1938 साली सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलले होते. तेव्हा त्यांनी या समाजाला राजकारणापासून दूर राहिल्याबद्दल बोल लावला होता. पुढे 1950 चा आदेश आला तेव्हा ख्रिस्ती समाजाच्या मागे एकजुटीची ताकद नव्हती हे दिसलंच. बौद्धांनी चौतीस वर्षं लढून जे मिळवलं ते ख्रिस्ती मंडळ्यांना जमलं नाही. त्याचा दोष काही अंशी त्यांच्या पुढाऱ्यांकडे जातो. मिशन कंपाउंडच्या जमिनींवरून पंचमंडळ्यांमध्ये जी भांडणं आणि कोर्टकज्जे चालले, त्यांत गेलेली शक्ती या प्रश्नाला मिळाली असती तर बरं झालं असतं.

राष्ट्र आणि धर्म यांचा प्रश्न आपल्याकडे ख्रिस्ती माणसाला जन्मभर पुरतो. 1954 मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने नागपूरचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. 1956 चा त्यांचा अहवाल मिशनऱ्यांविषयी संशयाने भरलेला होता. धर्मांतराने राष्ट्रनिष्ठा बदलते, ही कल्पना त्यानंतर सरकारी कागदावरूनच फिरत राहिली आणि ओडिशाने 1967 मध्ये, मध्य प्रदेशने 1968 मध्ये धर्मांतरविरोधी कायदे केले. आमिषाने किंवा धाकाने कोणाचा धर्म बदलू नये हे मलाही मान्य आहे. आजाऱ्याच्या खाटेशी उभं राहून धर्म विकणारे मिशनरी होते, हेही मी नाकारत नाही. पण मावळात मूठभर घरं ख्रिस्ती झाली, ती दवाखाने चालवून झाली म्हणायची तर दवाखान्यांत औषध घेऊन गेलेली आणि हिंदूच राहिलेली बाकीची घरं कोणत्या रकान्यात लिहायची?

मराठी ख्रिस्ती माणसाची राष्ट्रनिष्ठा हुडकायला लांब जावं लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापलं गेलं, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या चौदा वर्षं आधी. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक 1842 चं. पंडिता रमाबाई 1889 मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी होत्या, तोवर त्यांच्या बाप्तिस्म्याला सहा वर्षं झाली होती. केडगावला त्यांनी दुष्काळातल्या बायका-मुली आणून सांभाळल्या आणि मरेपर्यंत बायबलचं मराठी भाषांतर केलं. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरची त्यांची सगळी धडपड एकाच दिशेने होती: ख्रिस्ती व्हायला साहेब व्हावं लागत नाही. 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ते मोकळे झाले, ‘देवाचा दरबार’ काढला, आणि दोनच वर्षांत, 1919 च्या मे महिन्यात गेले. मिशनच्या पैशांवर न चालणारा, इथल्या मातीतला ख्रिस्तधर्म त्यांना हवा होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ मराठी माणूस आपली म्हणून वाचतो, ती ख्रिस्ती बाईने लिहिली आहेत हे बहुतेकांच्या लक्षातही राहत नाही. हा मला त्या दोघांच्या धडपडीचा सगळ्यात मोठा विजय वाटतो.

तरीही जानेवारी 2020 मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या 93 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा काही संघटनांनी विरोध केला. वसईच्या जमिनी वाचवायला ज्यांनी आयुष्य घातलं, ज्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, ‘सुवार्ता’ मासिक ज्यांनी वर्षानुवर्षं चालवलं, त्यांना मराठीपणाचा दाखला मागितला गेला. पाठीच्या दुखण्याने हैराण असताना ते संमेलनाला आले. जुलै 2024 मध्ये ते गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला वसईत सगळ्या धर्मांची माणसं होती.

मराठी चर्चची हजेरी टिकून आहे असं मी वर म्हटलं, त्याला एक पुरवणी जोडली पाहिजे. ती सगळीकडे टिकलेली नाही आणि जिथे टिकली आहे तिथे ती बदलते आहे. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतली माणसं पुणे, चाकण, पिंपरी-चिंचवडला गेली आणि गावचं देऊळ (तिकडे चर्चला देऊळच म्हणतात) दोन-चार म्हाताऱ्यांवर आलं, असं जागोजागी आढळतं. शहरात आलेली पोरं कुठे जातात? काही जुन्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत. हे चर्च 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा संप्रदाय एकत्र येऊन झालं. पण पुष्कळ जण भाड्याच्या हॉलमधल्या नव्या फेलोशिपमध्ये जातात, जिथे कीबोर्ड, ड्रम आणि हिंदी-इंग्रजी गाणी असतात. तिथे आपुलकी आहे, नोकरी शोधणाऱ्याला ओळखी मिळतात, आजाऱ्यासाठी रात्रभर प्रार्थना होते. फक्त टिळकांची गीतं तिथे येत नाहीत. आईच्या तोंडची अभंगाची चाल एका पिढीत पुसली जाऊ शकते आणि त्याला चर्च रिकामं व्हावंच लागतं असं नाही. मला व्यक्तिशः ही हानी रिकाम्या बाकांइतकीच मोठी वाटते.

दुसरीकडे, श्रीरामपूर तालुक्यातल्या हरिगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा भरते. 1949 पासून. लांबलांबच्या गावांतून लोक पायी येतात, त्यांत सगळेच ख्रिस्ती नसतात. नवस बोलतात, मेणबत्ती लावतात, जत्रेत पाळण्यात बसतात, शेवभत्ता घेऊन घरी जातात. रविवारच्या उपासनेला कधी न दिसणारी माणसं इथे दिसतात.

हे वाचताना उत्रोलीच्या वाचकाला काही ओळखीचं वाटलं तर नवल नाही. गावोगावी काकड्याला पहाटे किती जण असतात? सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसणारे कोण असतात? बहुतेक साठीच्या पुढचे, आणि त्यांतही बाया अधिक. शिरवळच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या, पुण्यात खोली करून राहणाऱ्या पोराला ते जमत नाही, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण यात्रेला तो येतो, वर्गणी देतो, डीजेसमोर नाचतो, गाडीवर भगवा लावतो. कीर्तनाची हजेरी ओसरते आणि मिरवणुकीची वाढते. लंडनच्या मोर्चातल्या त्या लाकडी क्रूसांबद्दल वाचलं तेव्हा मला आपल्या तालुक्यांतल्या मिरवणुका आठवल्या. पारायणाला बसणाऱ्या म्हाताऱ्याला परधर्माच्या माणसाचं भय मी फारसं पाहिलेलं नाही. तो वारीत कोणाच्याही हातचं पाणी प्यालेला असतो. भय आणि चीड दिसते ती बहुधा त्या घरात, जिथे पोथी कपाटात आहे आणि झेंडा गच्चीवर.

म्हणून ऑस्ट्रेलियातली घसरण ही मला फक्त ख्रिस्ती लोकांची बातमी वाटत नाही. तिथे 2021 मध्ये ज्यांनी ‘धर्म नाही’ असं लिहिलं, त्यांनी निदान प्रामाणिकपणे लिहिलं, कारण लिहिण्याने त्यांची शाळा, नोकरी, घर काहीच जाणार नव्हतं. त्यामुळे तिथल्या चर्चला आपण नेमके कुठे उभे आहोत ते कळलं. काही मंडळ्यांनी इमारती विकून तो पैसा बेघरांच्या कामात घातला. राहिलेली माणसं थोडी आहेत, पण ती राहायचं म्हणून राहिली आहेत.

आपली पुढची जनगणना 1 मार्च 2027 या दिनांकाच्या हिशेबाने होणार आहे. या वेळी प्रत्येकाची जात विचारली जाणार आहे. धर्माचा रकाना आणि जातीचा रकाना एकाच फॉर्मवर येतील आणि उत्रोलीपासून श्रीरामपूरपर्यंत प्रत्येक घरात प्रगणक जाईल. पिंपरीतल्या एखाद्या भाड्याच्या खोलीत नवरा-बायको आदल्या रात्री ठरवत बसतील की उद्या काय सांगायचं, कारण पोराची बारावी पुढच्या वर्षी आहे. 1950 च्या आदेशातला तिसरा परिच्छेद त्याआधी काढला, तर ती दोघं खरं ते सांगू शकतील आणि सरकारलाही खरा आकडा मिळेल. बालकृष्णन आयोगाने आणि सर्वोच्च न्यायालयाने हे लवकर निकालात काढावं. ख्रिस्ती मंडळ्यांनी जमिनीचे दावे बाजूला ठेवून यामागे लागावं, आणि ज्या मराठी वाचकाच्या कपाटात ‘स्मृतिचित्रे’ आहे त्याने हा प्रश्न आपला समजावा.